खोट्या सुईचं गाऱ्हाणं

पुन्हा तेच सांगू? चहा निवतोय माझा. पेशंटची रीत सांभाळून सुई कशी द्यायची, याची नर्सिंगच्या पोरींची परीक्षा होती. मी खोटा पेशंट, दंडाला रबरी हात बांधलेला. म्हटलं, "आधी देवाला गाऱ्हाणं, मग सुई." पहिल्या दोघी पोरी नुसत्या हसल्या. संगमेश्वरची सायली म्हणाली, "घाला आजोबा, दर मागण्याला मी व्हय महाराजा म्हणते." गाऱ्हाणं झालं, मी मुकाट हात पुढे केला.

परीक्षा घेणाऱ्या जगदाळे मॅडम तिच्यावर कडाडल्या, "अडाण्याचं ऐकत वेळ घालवलास, नापास!"

"मग बाई, तुम्हीच टोचून दाखवा," म्हणत मी रबरी हात काखेत दाबून धरला. ओढून दमल्या, मी सोडेना; म्हटलं, आधी गाऱ्हाणं. शेवटी सगळ्या वर्गासमोर हात जोडून म्हणाल्या, "व्हय महाराजा!"

नापासाचा शेरा खोडला, सायली पहिली आली. मला अडाणी म्हटल्याची माफी मात्र अजून मागायची आहे त्या जगदाळे मॅडमनी.