सीटखालची पिशवी

पेट्रोलपंपावरच्या रांगेत माझ्यापुढे दोन स्नोमोबाइल होत्या. पोरगेल्या सिक्स्टनची कोरी करकरीत आणि रूनेकाकांची जुनाट.

"काका, हिचं हँडल गरम होतं, सीट गरम होते. तुमच्या खटाऱ्यात काय गरम होतं?"

"माझं डोकं, सुरू होत नाही तेव्हा. निघालास कुठे?"

"गोठलेल्या तळ्यावरून सरळ पलीकडे. अर्धा तास वाचतो."

"आणि बर्फात रोवायचे टोचे कुठायत?"

"आहेत की, सीटखालच्या पिशवीत. चांगले भारीतले घेतलेत."

"बर्फ फुटला की गाडी तळाला जाते, बाळा. मग कडेला टोचून वर यायला ते आणणार कुठून?"

"एप्रिल लागला तरी बर्फ हातभर जाड आहे, काका. आणि टोच्यांची दोरी गळ्यात घालून गोठ्यातून सुटल्यासारखं कोण फिरणार?"

"तू फिरणार. हे घे, माझे घाल."

"आणि तुम्हाला?"

"मी काठाकाठानंच जातो आता."

"अहो, हे तर गंजलेत!"

"टोकं घासून ठेवलीत, चालतात. भावाचे आहेत. त्याची गाडी वर काढली, तेव्हा सीटखालच्या पिशवीत सापडले."