अलिबागला नेलेली कार्डं

निशिगंधा : एक्क्याऐंशीच. ब्याऐंशी नव्हे. कार्डावर छापलेलं 'कुलाबा' खोडून वर जांभळ्या शाईत 'रायगड' मारलेलं होतं. जिल्ह्याचं नाव नुकतंच बदललं होतं.

जनी : बरं बाय, एक्क्याऐंशी. चौतीस वर्षं कचेरीत तारखाच टाकल्यास, तुझ्याशी कोण भांडणार? प्रणिता, दिवा जरा इकडं कर गो. या गणपतीच्या पापणीची कड मला दिसत नाय.

प्रणिता : दिवा तिथंच आहे, आई. तुमचा उजवा डोळा कमी पडतोय. मावशी, तुम्ही तरी सांगा तुमच्या मैत्रिणीला. मोतीबिंदू आहे, अलिबागच्या सिव्हिलमध्ये अर्ध्या तासाचं काम. वर्षभर मागे लागलेय मी.

जनी : अलिबागचं नाव काढू नको. मला गाडी लागते.

निशिगंधा : अजून?

जनी : वडखळपर्यंत काय नाय. पोयनाड आलं की सगळं वर येतं. कॉलेजात होतं तसंच.

प्रणिता : पण कसली कार्डं म्हणताय तुम्ही मघापासून?

निशिगंधा : एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची. बी.ए. झालं की अलिबागला जाऊन नाव नोंदवायचं. त्याचा नंबर मिळायचा. सरकारी जागा निघाली की नंबराप्रमाणे कॉल यायचा. फक्त दरवर्षी ठरलेल्या महिन्यात कार्डावर शिक्का मारून घ्यावा लागे. महिना चुकला की नाव रद्द. पुन्हा रांगेच्या शेवटी.

प्रणिता : बाप रे. फोनवरून नाही करता यायचं?

जनी : तेव्हा पेणला रेल्वे नव्हती आणि हिला फोन हवाय! तर आमच्या वर्गातली आम्ही चौघं. ही निशी खांबची, पेणला मामीकडे राहून शिकलेली. अनिता, हर्षद आणि मी. मला गाडी लागायची, अनिताला घरून सोडायचे नायत, हर्षदला कंटाळा. मग चौघांची कार्डं घेऊन एकटी हीच एस्टीने अलिबागला जायची. कार्डं रुमालात बांधून. कोण करतंय दुसऱ्यासाठी एवढं?

निशिगंधा : जने, पुरे.

जनी : पुरे काय? परवा रोह्याला आमची सगळी बॅच जमतेय, तिथं हिला शाल देणार आहेत, प्रणिता. आणि ती मी घालायचीय. चार वाक्यं पाठ केलीत मी. 'हिने आमची नशिबं रुमालात बांधून नेली' असं.

निशिगंधा : तेच सांगायला आलेय. ती शाल नको.

जनी : आता लाजू नको म्हातारपणी. हर्षदने शाल आणलीसुद्धा. मोरपिशी. अख्ख्या आयुष्यात त्याने एकच काम वेळेत केलं असेल.

निशिगंधा : हर्षदचं काय सांगतेस! तलाठ्याचा कॉल आला तर म्हणाला, मी धाटावला कंपनीत शिफ्ट सुपरवायझर झालोय, सरकारचा पगार कोणाला हवाय. कंपनी बंद पडली. मग टेम्पो, मग विम्याची एजन्सी, मग खांबला हायवेवर हॉटेल.

जनी : ते हॉटेल पण रस्ता रुंद करताना अर्धं कापून नेलं. उरलेल्या अर्ध्यात वडे तळतो. गिऱ्हाईक आत बसलं की पाय रस्त्यावर.

प्रणिता : आणि अनिता मावशी?

जनी : तिला जित्याला शाळेत नोकरी लागली होती. दोन वर्षांत लग्न, राजीनामा, सुरत. आता म्हणते, मला तेव्हाचा खडू अजून हाताला लागतो. चला, आता गप्प बसा. मी डोळा धरतेय.

प्रणिता : मावशी, आता बोलायचं नाही हं. डोळ्यांची आखणी सुरू झाली की आईंशी कोणी बोलत नाही. श्वास हलला तर कुंचला हलतो. आणि एक डोळा झाला की दुसरा लगेच, त्याच बैठकीत. मध्ये उठल्या तर दोन डोळे दोन दिशांना बघतात.

निशिगंधा : ती बोलणार नाही ना? म्हणजे मला बोलता येईल?

जनी : बोल. कान मोकळे हायत. प्रणिता, हिने वाल आणलेत ते भिजत घाल, आणि चहा टाक. आता मी नाय बोलणार.

निशिगंधा : ठीक. तू डोळा काढ. माझ्याकडे बघू नकोस.

एकोणऐंशीला आपण नाव नोंदवायला गेलो होतो, ती एकच वेळ तू अलिबागला आलीस. पोयनाडला उतरून ओकलीस, कार्लेखिंडीत पुन्हा. रांगेत तुला उभं राहवत नव्हतं. मी तुला माझ्या पुढे घेतलं. म्हणून तुझा नंबर माझ्या आधीचा पडला. एकाने आधीचा.

एक्क्याऐंशीच्या मार्चात मी शिक्के मारायला गेले. खिडकीवरच्या बाईंनी ओळख झाली म्हणून सांगितलं, रोहा तहसिलात मुलीसाठी एकच जागा भरायचीय, पुढच्या आठवड्यात कॉल निघतील, तुमच्या नंबरापर्यंत येतंय बघा. तुमच्या नंबरापर्यंत, म्हणाल्या. म्हणजे आधी तुझ्यापर्यंत.

माझं लग्न वैशाखात ठरलं होतं, तुला ठाऊक आहे. मुरुडकडचा माणूस. चाळिशीचा, पहिली बायको गेलेली, दोन मुलं. नोकरी लागली तरच वडील थांबणार होते. मी बाकावर बसले. रुमाल सोडला. चार कार्डं होती. तीन खिडकीत दिली.

तुझं मी रुमालात परत बांधलं.

पेणला आल्यावर तू विचारलंस, माझ्या कार्डावर शिक्का कसा नाय गो? मी म्हटलं, शाई संपली होती, त्यांनी वहीत लिहून घेतलंय, काळजी करू नकोस. तू 'बरं' म्हणालीस आणि मला खाडीची सुकी कोलंबी बांधून दिलीस.

विसरले नव्हते, जने. कोणाच्या सांगण्यावरून केलं नाही. मी केलं. एवढंच. मला ती शाल नको, आणि तुझ्या हातून तर नकोच.

काहीतरी बोल ना.

जनी : थांब. पापणी राहिलीय.

निशिगंधा : जने...

जनी : झाला. एक झाला.

निशिगंधा : शिव्या घाल हवं तर.

जनी : मला ठाऊक होतं.

निशिगंधा : काय?

जनी : वहीत काय लिहिलं नव्हतं, हे ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी तू कचेरीत लागली होतीस, म्हणून मी एकटी गेले अलिबागला. तीनदा ओकले. खिडकीवर म्हणाले, मागल्या मार्चात शिक्का नाय, नाव रद्द. मी बाहेर पायरीवर बसले आणि म्हटलं, निशी विसरली. घाईत राहून गेलं, आणि मग सांगायला लाजली, म्हणून शाईचं सांगितलं. म्हणून मी कधी विचारलं नाय तुला. तुला वाईट वाटेल म्हणून.

निशिगंधा : चव्वेचाळीस वर्षं?

जनी : मोजलीस तू. मी नाय मोजली. तुझी नेमणूक झाली तेव्हा आमच्या मिठागरावर पेढे वाटले मी. बाबा म्हणाले, तुझ्या मैत्रिणीला घेतलं, तुला का नाय? मी म्हटलं, ती हुशार हाय. पुढं समुद्राचं पाणी बांध फोडून आत आलं, मिठागर गेलं, आणि मी इथं कारखान्यात मूर्ती घासायला आले. हातभर पॉलिश पेपर आणि तोंडाला फडकं. बारा वर्षांनी कुंचला मिळाला. तेव्हापण म्हटलं, असू दे. विसरली ती. माणूस विसरतं.

निशिगंधा : आता तुझं नाव आहे. मुंबईची मंडळं तुझ्या आखणीसाठी थांबतात.

जनी : व्हय. हा हात मला आवडतो. पण तो आवडतो म्हणून तू समजूत घालायची नाय माझी. ते माझं मी बघेन.

निशिगंधा : नाही घालत. म्हणूनच खरं सांगितलं. परवा सगळ्यांसमोरही सांगते.

जनी : कशाला? तिकडं सांगून तू हलकी होशील. टाळ्यासुद्धा पडतील, किती प्रामाणिक म्हणून. मला काय? माझ्याकडं एक 'विसरली' होतं, निशे. त्याच्यावर मी तुझ्या पोरीच्या बारशाला आले, तुझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस तुझ्याकडे राहिले. तेवढं पण आज काढून घेतलंस.

निशिगंधा : मग मी गप्प राहायला हवं होतं?

जनी : मला ठाऊक नाय. मला आता काय विचारू नको.

प्रणिता : चहा घ्या. आई, हे काय, एकच डोळा? कुंचला का धुताय?

जनी : आज नाय होणार दुसरा.

प्रणिता : अहो, एक डोळा ठेवून तुम्ही कधी उठलात का?

जनी : आज उठले. तू काढ दुसरा.

प्रणिता : मी? मला कुठं येतं!

जनी : मलापण नव्हतं येत. हिला स्टेशनपर्यंत सोडून ये. रोह्याची गाडी चुकेल.

(पुढच्या वर्षीचा चैत्र. तोच कारखाना, सकाळ.)

जनी : हिला कोणी बोलावलं?

प्रणिता : मी. ओरडायचं तर मला ओरडा. ठाण्याची ऑर्डर आज निघतेय, तुमचा लेक सुजय टेम्पोबरोबर जाणार, माझ्या हातात बारा मूर्तींची आखणी आहे. तुमची ऑपरेशनची तारीख आज आहे. पुन्हा मिळायला तीन महिने. अलिबागला कोण येणार तुमच्याबरोबर?

जनी : कोणी नको. जाईन माझी मी.

निशिगंधा : जा की. मी त्याच गाडीत मागच्या सीटवर बसेन. एस्टी काय तुझ्या मालकीची नाही.

जनी : वर्षभर फोन उचलला नाय, तरी अक्कल आली नाय तुला.

निशिगंधा : चाळीस फोन केले. तू उचलत नव्हतीस म्हणून प्रणिताला करायचे.

जनी : या घरात सगळे फितूर.

प्रणिता : आई, ते शर्टाचं सांगू का मावशींना? मागच्या वर्षीचा तो दुसरा डोळा मी काढला ना, मावशी, कुंचल्यात रंग एवढा घेतला की अर्धा सुजयच्या शर्टावर. पण मूर्ती गेली. मंडळवाल्यांना कळलंसुद्धा नाही.

जनी : मला कळलं. डावा जरा हसरा होता. असू दे म्हटलं. आता तीच काढते सगळे, मला उजव्या बाजूला धुकंच दिसतं.

निशिगंधा : हर्षदने तुला विचारलंय. अर्धं हॉटेलही विकलं, नाशिकला मुलाकडे गेला, दोन महिन्यांत परत आला. म्हणतो, तिथं रस्ताच दिसत नाही खिडकीतून. आता खांबलाच पलीकडच्या बाजूला टपरी टाकलीय.

जनी : तीपण कापतील. आणि अनिता?

निशिगंधा : सुरतेचं आवरून जित्याला आलीय. स्टेशनजवळ दोन खोल्या. संध्याकाळी पोरांना फुकट शिकवते.

जनी : खडू सापडला म्हणायचा. त्या शालीचं काय झालं?

निशिगंधा : घेतली नाही. तू आली नाहीस, मी घेतली नाही. काही सांगितलंही नाही. सगळे म्हणाले, निशिगंधाचं डोकं फिरलं. हर्षद ती शाल टपरीत गल्ल्यावर घालून बसतो थंडीत.

जनी : मोरपिशी?

निशिगंधा : आता वड्याच्या तेलाची झालीय.

जनी : हसू नको. मी हसले म्हणून तू हसायचं नाय.

निशिगंधा : नाही हसत. जने, साडेनऊची गाडी आहे. लिंबू आणलंय, आलेपाक आणलाय, पिशव्याही आणल्यात. पोयनाडला उतरू, तोंड धू, मग पुढची गाडी धरू. तिथं रांगेत तू बाकावर बस, मी उभी राहते. दे ती फाइल माझ्याकडे. केसपेपर, आधार कार्ड, सगळं त्यात आहे ना?

जनी : हाय.

निशिगंधा : दे ना मग.

जनी : खिडकीजवळची जागा मला. आलेपाक पण दे. फाइल माझ्या पिशवीत राहू दे.