शिट्टी वाजली की खाली यायचं

आमच्या सुधीरबरोबर डोंगरात जायचं असेल तर आधी दोनदा विचार करा. तो डोलवीला एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर हाय, आणि कंपनी त्याच्या अंगातून सुट्टीच्या दिवशीपण उतरत नाय.

रोह्याच्या अवचितगडावर निघालो, तर पायथ्याशीच त्याने मला आणि रफीकला रांगेत उभं केलं. "शिट्टी वाजली की धोका समजायचा. कोणी कोणाला शोधत बसायचं नाय. सरळ असेंब्ली पॉइंटला यायचं."

"तो कुठं?" रफीकने विचारलं.

"हे काय, मावशींचं चहाचं दुकान."

अर्ध्या वाटेवर सुधीरच फोटो काढायला म्हणून आडरानात घुसला. थोड्या वेळाने झाडीतून शिट्टी आली. मग परत आली. नंतर तर थांबेचना. आम्ही जाम घाबरलो आणि धावत खाली आलो.

मावशींनी चहा टाकला. वर शिट्टी चालूच. "अरे, बघा तरी जाऊन कोण हाय," मावशी म्हणाल्या.

"जायचं नाय, मावशी. नियम हाय," रफीक म्हणाला.

दुसरा चहा संपत आला तेव्हा सुधीर उतरला. पँट फाटलेली, अंगभर करवंदीचे काटे.

"जाळीत अडकलो होतो मी. शिट्टी ऐकू आली नाय तुम्हाला?"

"आली की. म्हणून तर इथं बसलोय."

"आणि मी?"

रफीकने शांतपणे कप खाली ठेवला. "हजेरी घेतली आम्ही. तू एकटाच पोचला नव्हतास. तुला ना सुधीर, शिस्तच नाय."