दत्ताशेजारची जागा

मंडळी,

फार वर्षांपूर्वीचा एक आवाज सकाळपासून कानात घुमतोय. उचगावची शाळा, तिसरीचा वर्ग. एक पोरगा नदीवरची कविता म्हणतोय, आणि चाल कसली? "मेथी घ्या, मेथी"ची! वर्ग हसून लोळतोय. आणि कवितेचं वेड असलेला मी मास्तर त्याला बाकावर उभा करतोय.

तो आपला दत्ता. आई बाजारात भाजी विकायची. तिच्या पाटीशेजारी बसून तो कविता पाठ करायचा. दुसरी चाल त्याला येणार कुठून? हे कळायला मला फार उशीर लागला.

तुम्ही एवढे जण आलात. मी बोलायला उभा राहिलोय खरा, पण मी गेल्यावर दत्ता बोलेल असं धरून चाललो होतो. हे उलटंच झालं.

पुढं दत्ता तांदूळ विकू लागला. मी दिसलो की बाजारभर आरोळी ठोकायचा, "या मास्तर! आजऱ्याचा घनसाळ घ्या, वर कविता फुकट!" त्याच तांदळाला गिऱ्हाईक बघायला तो सोमवारी मुंबईला गेला. मंगळवारी तिथल्या बाजारात बॉम्ब फुटला. आपला माणूस चादरीत गुंडाळून परत आला.

आता मुद्द्याचं बोलतो. आपल्या रोजच्या बाजाराची रीत काय? शेजारी गावाला गेला की त्याचा काटा आपण सांभाळायचा. दत्ताचा काटा कुणी सांभाळला? शेजारच्या लसूणवाल्या हमीदनं. बॉम्ब फुटला त्या दुपारी हमीद काय करत होता? दत्ताचा तांदूळ विकत होता. दत्ताच्याच चालीत ओरडत होता. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि परवा आपल्यातल्याच काहींनी त्याला सुनावलं, "रविवारपास्नं हितं बसायचं न्हाय." का? मी जाब विचारला. एक जण म्हणाला, "मास्तर, तुम्ही कवितेतली माणसं. तुम्हांस्नी जग कळत न्हाय."

नसेल कळत. पण एका पोराला मी विनाकारण शिक्षा केली आहे. डोळ्यांदेखत दुसऱ्याला होऊ देणार नाही. उद्या रविवार. हमीद त्याच्या जागेवर बसणार. शेजारी दत्ताच्या जागेवर मी बसणार. ज्याला हमीदला उठवायचंय, त्यानं आधी मला उठवावं.

चला, दत्तासाठी दोन मिनिटं उभे...

थांबा. दारात कोण आहे?

सुमन? अगं, पाचवा दिवस आज, सुतकात तू घराबाहेर? मंडळी, दत्ताच्या बायकोला वाट द्या. पुढं ये, बाई, खुर्ची आहे. बसायचं नाही? बरं, काय म्हणतेस? मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे.

"मास्तर, एवढंच सांगायचं हुतं. उद्या त्यांच्या जागेवर मी बसणार हाय. हमीदभाऊंस्नी म्हणावं, जरा लवकर या. मला काटा धरता येत न्हाय."

ऐकलंत?

मग उठा, मंडळी. दत्तासाठी शांत उभे राहू.