प्रभाकर सरांना यहूदा म्हटलं तेव्हा

शांताआक्का, आदरणीय पाळकसाहेब, मंडळीचे वडीलजन आणि सरांसाठी लांबून आलेले सगळे,

माझा जन्म बातम्या लिहिण्यात गेला. आधी ताजं काय ते सांगायचं आणि ते कुणी सांगितलं ते सांगायचं, एवढंच मला जमतं. तेच करतो. सरांची मुलगी मार्था इस्राएलहून निघाली आहे. विमानात बसल्याचं तिनं आईला, म्हणजे शांताआक्कांना, फोनवर कळवलं आणि त्यांनी आत्ता या हॉलच्या दारात ते मला सांगितलं. मुंबईला उतरून ती उद्या दुपारपर्यंत निपाणीत येईल. बापाची माती तिला मिळाली नाही. लढाईमुळं तिकडची विमानं बंद होती.

यापुढचं बोलणं अवघड आहे. माणूस गेला की त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोलावेत आणि खाली बसावं. आज तेवढ्यावर भागणार नाही. सर गेले ते एका वादाच्या मधोमध गेले आणि तो वाद आज आपल्यासोबत इथंच बसला आहे.

बोरगावपासून अनगोळपर्यंतचे त्यांचे विद्यार्थी समोर दिसतात. त्यातले बरेचजण आमच्या ख्रिस्ती धर्माचे नाहीत. त्यांना प्रभाकर सर माहीत आहेत ते भूगोलाचे. आम्हाला ते रविवारचेही माहीत होते. चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा ते घ्यायचे. शब्बाथ हा यहूदी लोकांचा शब्द, त्यांचा विसाव्याचा शनिवार. आम्ही शाळा भरवतो रविवारी आणि नाव लावतो शनिवारचं. सर मुलांना म्हणायचे, शब्द त्यांचा, हालेलूया त्यांचं, आमेन त्यांचं, प्रभूही त्यांच्यातच जन्मला. आपण मागून आलो. पौलानं लिहिलंय ना, आपण रानातली फांदी, कलम करून त्यांच्या झाडावर लावलेली. फांदीनं झाडापुढं तोरा मिरवायचा नसतो.

मित्रहो, आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक गोष्ट आहे. ज्यानं प्रभूला धरून दिलं, त्याचं नाव यहूदा. आणि ज्या वंशात प्रभू जन्मला, त्या वंशाचंही नाव यहूदा. अक्षरं तीच. पण आपल्या तोंडात बसला तो पहिलाच. भावकीत कुणी फितूर झाला, की आपण त्याला म्हणतो, यहूदा हाय नुसता.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, नाटकात यहूदाचं काम करणाऱ्याला पोरं वर्षभर चिडवायची. पुढं पुढं ती यहूदा न म्हणता यहूदी म्हणायला लागली. म्हणजे एका माणसाची शिवी आख्ख्या लोकांना गेली. सरांनी ते ऐकलं आणि तालीम थांबवली. त्या पात्राला नाटकात यहूदा न म्हणता फक्त त्याच्या दुसऱ्या नावानं, इस्कर्योत, म्हणायचं, असं ठरवलं. मग योसेफआप्पांनी, हे समोर बसलेत, त्यांनी विचारलंच, “सर, आज नाटक बदललं. उद्या शास्त्रबी बदलणार का?” सर म्हणाले, “न्हाय आप्पा. चोरट्याचं नाव घेतलं की आमच्या प्रभूच्या घराण्याचं नाव बुडतंय, तेवढं वाचवतो.” तेव्हा सगळे हसले. आप्पाही हसले.

मग तिकडं इस्राएलात लढाई सुरू झाली. मार्था तिथं एका म्हाताऱ्या यहूदी बाईंना सांभाळते. हन्ना त्यांचं नाव. आंघोळ घालायची, औषध द्यायचं, भरवायचं. सायरन झाला की त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून तळघरात न्यायचं. फोन आला की सर पोरीआधी त्या आज्जींची चौकशी करायचे. तळघरात त्यांच्या शेजारी एक अरब परिचारिका बसते, तिचीही करायचे.

त्याच दिवसांत बाहेरून एक प्रवचनकार आले. पडद्यावर नकाशा लावला. हे देश इकडून येणार, ते तिकडून येणार. यहूदी आपल्या भूमीत परतले, हे एक चिन्ह. आता त्यांच्यावर मोठं संकट येणार, त्यातले फार थोडे उरणार, मग प्रभू येणार. बाँब पडल्याचं चित्र आलं तेव्हा आपल्यातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. वाईट मनानं वाजवल्या असं मी म्हणणार नाही. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते जवळ आलं, असं त्यांना वाटलं.

सर उभे राहिले. रागावले नव्हते. वर्गात प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, “नकाशा बराबर हाय. मी भूगोलच शिकवला. पण आम्ही सीमाभागातली माणसं. रेघेवर कोण राहतंय ते आम्हाला ठाऊक असतंय. माझी पोरगी ज्या म्हातारीला आंघोळ घालती, ती तुमच्या या नकाशात कुठं बसती?”

प्रवचनकार म्हणाले, शास्त्र पूर्ण व्हायलाच पाहिजे. ते बरोबरच बोलले. पण प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं.

आणि मागून आवाज आला, “यहूदा.”

आवाज आप्पांचा होता. मी हे सांगितलेलं चालेल, असं त्यांनीच आज मला सांगितलं.

सर वळले. म्हणाले, “व्हय आप्पा, म्हणा की. प्रभूचं घराणंच यहूदाचं हाय.”

यावेळी कुणी हसलं नाही. त्यानंतर ते दोघं एका बाकावर बसले नाहीत.

सरांचा भविष्यवाणीवर विश्वास नव्हता, असं कुणी समजू नका. देवानं त्या लोकांना दिलेला शब्द मोडलेला नाही आणि मोडणार नाही, असं ते शेवटपर्यंत मानत. म्हणून तर त्यांना झोप लागत नव्हती. एकदा उपासनेनंतर चपला घालता घालता मला म्हणाले, “लई वर्षं म्हणत आलो, प्रभू लवकर ये. आता म्हणताना जीभ अडखळती. तो येणार असला तर आनंदच हाय रं. पण त्याच्या येण्याची वाट माझ्या पोरीच्या अंगावरनं जाती असं हे सांगत्यात. मग मी मागू काय?”    तोच प्रश्न आज मी तुमच्यापुढं ठेवतो.

आता शेवटची गोष्ट. शुक्रवारपासून बोरगावच्या माळावर त्याच प्रवचनकारांची संजीवन सभा, म्हणजे प्रवचनांचा मोठा मेळावा, आहे. इथं निपाणीत महामार्गावर तिचा फलक लागला आहे. त्यावर प्रवचनकारांच्या नावाखाली मार्थाचं नाव आहे. इस्राएलहून आलेली साक्षीदार. सभेवाल्यांनी सरांना विचारलं होतं, तेव्हा त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं. माझी पोरगी म्हातारीला भरवायला गेलीया, चिन्हं मोजायला न्हाय, असं म्हणाले होते. सर गेले आणि मग फलक लागला. मार्थाला कुणीच विचारलेलं नाही. शांताआक्कांनाही नाही.

आक्का मला एवढंच म्हणाल्या की पोरगी थोड्या दिवसांनी परत जाणार आहे. हन्नाबाई दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत. आईला तिनं जायला नको आहे, आणि तिनं जाऊ नये असं म्हणताही येत नाही. अशा घरात ती उद्या येते आहे.

ही सभा संपली की मंडळीचे वडीलजन याच हॉलमध्ये बसणार आहेत. फलकाचं काय करायचं ते ठरेल. आप्पा त्या बैठकीत आहेत. काय बोलणार, असं मी विचारलं. अजून ठरलं नाही, असं ते म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

मार्था महामार्गानं येईल, म्हणजे घरी पोहोचण्याआधी बापाच्या गावात तिला आपलं नाव दिसेल, किंवा दिसणार नाही. दिसलं तर ती विचारेल, हे कुणाला विचारून लावलं? आपल्यापैकी कुणाला तरी तिच्या डोळ्यांत बघून सांगावं लागेल.

सर, तुम्हाला आमचा सलाम. आता आपण सगळे उभे राहू या, आणि काही वेळ कुणीच काही बोलू नये. तिला काय सांगायचं, त्याचा ज्यानं त्यानं विचार करावा.