बुजवलेलं काज

—नाही, तो एक गुण आधी खोड. बघितला मी. उलटं वाचता येतं मला, चाळीस वर्षं रफूच्या टेबलापलीकडच्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या तशाच वाचल्यात. "शिक्षण?" विचारलंस, मी "चौथी" म्हटलं, आणि तू हळूच कोपऱ्यात अधिक एक मांडलास. कमी शिकलेल्यांना सवलत — होय ना? फॉर्मचा नियम आहे? असेल. ज्यानं फॉर्म केला त्याला सांग, शाळा चौथीत सुटली, डोकं नाही सुटलं. पुडीच्या कागदापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत हाताला लागेल ते वाचलंय मी, आणि तेही पोराला मांडीवर आणि कोटाला गुडघ्यावर घेऊन. खोड. दोन रेघा मार. हां. आता विचार पुढचं.

शंभरातून सात-सात वजा? त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न — बास? दमलीस? मी नाही दमले. घड्याळ काढून झालं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवून झाली. जरा कलतं आलंय, मान्य आहे, पण तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवरचं सात मिनिटं मागे चालतंय, त्याला कुणी खुर्चीत बसवून प्रश्न विचारत नाही. आणि ते पाच शब्द शेवटी विचारणार होतीस ना? — कंदील, घोडा, लोकर, पूल, शिट्टी. घे. आत्ताच घे. उगाच पोटात ठेवून कशाला बसायचं.

दुकानाच्या शटरचं परत सांगू? कागदावर आहे की सगळं. बरं, लोकांना ऐकायला आवडतं ते. शटर डोक्यात पडलं असं सगळे म्हणतात, पण शटर बिचारं जागच्या जागी होतं. अर्ध्यावर मीच ओढून ठेवलेलं, खालून वाकून बाहेर पडत होते, आणि एक पाऊल आधी ताठ झाले. इतकी वर्षं त्याच शटरखालून जातेय, माझ्या कंबरेला त्याची उंची पाठ आहे — त्या दिवशी कंबरच विसरली. ठण्ण! समोरच्या दुकानातला चष्मेवाला धावत आला, म्हणे भूकंप झाला का. बेशुद्ध? छे! क्षणभर सगळं पांढरं झालं, बास. मग टेंगूळ, मग दोन दिवस मळमळ, उजेड डोळ्यांत टोचायचा, आणि बोलता बोलता एखादा शब्द असा हातातून सुई निसटावी तसा खाली. तिसऱ्या दिवशी दुकानात हजर. घरी काय सांगितलं? दार लागलं म्हटलं. खोटं कुठं आहे, शटर म्हणजे दारच. पण दहाव्या दिवशी जिन्यात चक्कर आली, चष्मेवाल्यानं तोंड उघडलं, आणि साहेबांनी दुकानाची किल्ली काढून घेतली. साहेब म्हणजे आमचा मुलगा. मी साहेब म्हणते, ऑफिसात त्याला कुणी म्हणत नाही म्हणून. "आई, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही." मला! सुईला! ह्याचं पहिलं झबलं कुणी शिवलं, त्याच्या बापानं? — हो, तसं बापानंच शिवलं होतं, शिंपी होता तो. पण टिकवलं मी. तर एवढंच आहे बाई, मला तो कागद पाहिजे. "सुई धरायला हरकत नाही," खाली सही, मग तू सुटलीस आणि मीही सुटले.

तुमचा मोठा डॉक्टर गोड बोलतो. आज्जी, फोटोत काही नाही म्हणाला, रक्त नाही, सूज नाही. डोक्याच्या एका भागाचे निरोप दुसऱ्या भागाला नेणारे बारीक धागे असतात, ते धक्क्यानं ताणले गेलेत, म्हणून निरोप जरा उशिरा पोचतात. बहुतेक लोक काही आठवड्यांत ठीक होतात, म्हणाला. आणि म्हणे तुमच्याकडे साठा चांगला आहे, आयुष्यभर डोकं चालवलंत, एक वाट अडली की तुमचं डोकं दुसऱ्या वाटेनं जातं. मी म्हटलं डॉक्टर, ह्याला आमच्यात माया म्हणतात. लाजला गं पोरगा! म्हटलं तुमच्यावरची नव्हे, शिवणीतली. चांगला शिंपी शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं दाबून ठेवतो, अंग वाढलं की तिथून सोडायचं — ती माया. आणि कपडा फाटला की आम्ही रफूवाले त्या मायेतलेच धागे काढतो, त्याच रंगाचे, त्याच पाण्यात धुतलेले, आणि भोकावर एक वर एक खाली असे विणत जातो. तुमचं डोकं जे करतं म्हणता ना, ते मी चाळीस वर्षं करतेय, मला नका शिकवू. लिहून घेतलं त्यानं. खरंच, वहीत लिहून घेतलं.

कुणी शिकवलं? कुणीही नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, बायकांनी बटणं लावावीत, रफू हे पुरुषाचं काम. गल्लीत एक म्हातारा रफूवाला होता, तो पाठ करून बसायचा, कुणी हात बघेल म्हणून. मग मी काय केलं? त्यानं रफू केलेला कोट आमच्याकडे अस्तर बदलायला आला की रात्रभर ठेवून घ्यायची आणि त्याचं काम धागा धागा उसवायची. कसं घातलंय, कुठं वळवलंय — बघायचं आणि परत तसंच घालायचं. सहा महिन्यांनी त्याचं कुठलं आणि माझं कुठलं त्याला स्वतःला ओळखेना. दुसऱ्याचं उसवून शिकले मी, पोरी. म्हणून कुठलंही कच्चं काम दिसलं की माझे हात शिवशिवतात. आणि म्हणून मी खुणा करत नाही. आमची सूनबाई करते — कपडा आला की गिऱ्हाइकासमोर प्रत्येक भोकाभोवती खडूचा गोल. शाळेत फळ्यावर काढल्यासारखा! मी तिला म्हटलं, खुणा कच्चे लोक करतात. माझ्या टेबलावर खडू दिसला तर बाहेर फेकीन. पर्समध्ये ठेवते आता, भित्री. बाहेर बाकावर बसलीय ना, तीच. तोंड बघ कसं केलंय, जणू मला सोडायला नाही, पोचवायला आलीय.

तेव्हा सांगायचं काय, तुझा हा फॉर्म मला पकडणार नाही. गुण पैकीच्या पैकी पडणार. अगं बँडमास्तरच्या कोटाच्या दिवशीही पडले असते, तर आज —

काय? कुठला कोट? कुठलाच नाही. लिहू नकोस ते. बँडमास्तरचा कोट म्हणजे गणवेश, कसर लागली होती, करून दिला, घेऊन गेला, खूश आहे. पेन खाली ठेव. — तुझ्या ह्या पांढऱ्या कोटाचा खिसा फाटलाय, माहीत आहे तुला? दारातल्या कडीला अडकवलास. मघापासून तेच बघतेय मी, तू प्रश्न विचारतेयस आणि माझा जीव त्या खिशात. दे इकडे, दहा मिनिटांचं काम.

अशी बघू नकोस गं. आमची सून बघते अशी.

बरं. शटरनंतरचा चौथा दिवस. बँडमास्तरचा कोट, निळा, जाड लोकर — लोकर, बघ, तुझा शब्द. तीन भोकं होती कसरीची. दोन बुजवली, छान झाली. तिसरं समोरच्या बाजूला, पोटाशी. मोठं. आणि त्याच्या कडेनं कुणीतरी टाके घातलेले — जाड, दाट, एकाला एक चिकटून. मी म्हटलं, हा कुठला गाढव? भोक बुजवायचं सोडून त्याची कड शिवून ठेवलीय! मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग बसले. एकेक टाका उसवला, मायेतून धागे काढले, दुपार गेली सगळी. असं काम झालं पोरी — असं काम मी गेल्या दहा वर्षांत केलं नसेल. उजेडात धरलं तरी दिसेना. माझं मलाच कौतुक.

बँडमास्तर आला, कोट घातला, आरशासमोर उभा. वरचं बटण लावलं. खालचं लावलं. मधलं हातात धरून माझ्याकडे बघतोय. म्हणाला, "बाई, हे कुठं लावू?"

काज होतं गं ते. मधलं काज. काजाची कड शिवलेलीच असते, शेंबड्या पोराला कळतं. हजारो काजं बघितलीत मी, नवऱ्यानं हातानं केलेली बघितलीत, आणि मला ते भोक दिसलं. आणि मी त्याला काय म्हटलं माहितीये? "मास्तर, आता मधलं उघडंच ठेवतात." तेवढं बरं सुचलं! आणि त्यानं ऐकलं. चाळीस वर्षं माझ्यावर विश्वास, ऐकेल नाही तर काय. आता पोट बाहेर काढून बँडच्या पुढे चालतो, आणि मागचे दोन वाजवणारेही, सांगतात, मधलं बटण उघडं ठेवायला लागलेत.

हस, हस. मीही हसले होते. घरी जाऊन दार लावून घेतलं आणि मग नाही हसले.

मला एक सांग तू शिकलेली. ते डोकं होतं, की माज होता? म्हणजे शटर लागलं म्हणून काज ओळखलं नाही, की जगातला प्रत्येक टाका कुणा गाढवाचाच, असं मला आधीपासूनच वाटत आलंय? तुझ्या फॉर्ममध्ये आहे का हा प्रश्न? नाही ना. कंदील, घोडा विचारता. माया भरपूर आहे माझ्याकडे, जिथं फाटेल तिथं आतून धागे काढून असं बुजवीन की तुला, तुझ्या डॉक्टरला, साहेबांना, कुणाला दिसणार नाही. आत्ता तेच करत होते की इतका वेळ. रफूकाम चांगलं तेच, जे दिसत नाही. पण मला माहीत असतं ना कुठं बुजवलंय ते. त्या काजाचं माहीत नव्हतं. तेवढंच एक... तेवढंच.

कागद देऊ नकोस मला. — नाही, दे. दे, पण मी सांगते तसा लिही. "काम करावं. अर्धा दिवस. भोकांच्या खुणा दुसऱ्यानं करायच्या, हिनं फक्त खुणेच्या आतलं बुजवायचं." किती दिवस? तूच ठरव, महिनाभर लिही, मग परत बोलाव, आणि तेव्हा शब्द बदल, हे पाच मी मरेपर्यंत विसरत नाही. आणि त्या बँडमास्तरला निरोप धाडायला हवा, कोट घेऊन ये म्हणून. काज परत पाडून देते. फॅशन बदलली म्हणून सांगीन.

अगं कोट काढतेस कशाला — अस्सं. पसरून ठेवतेस माझ्यापुढे. परीक्षा घेतेस होय? हे बघ, पाच काजं. आणि हा खिसा, हे फाटलेलं. दिसतंय मला. स्वच्छ दिसतंय.

... त्या दिवशीही स्वच्छच दिसत होतं.

जा, बाहेरून सूनबाईला बोलाव. म्हणावं खडू घेऊन ये. नाही, बाकी काही सांगायचं नाही, बँडमास्तर-बिंडमास्तर काही नाही. कारण विचारलं तर म्हणावं सासूबाईंची लहर. — ये गं, ये. अशी भूत बघितल्यासारखी उभी राहू नकोस. काढ तो पर्समधला. हो, माहीत आहे मला, कधीचं माहीत आहे. ह्या कोटावर जे भोक आहे त्याला गोल काढ. नीट बघून काढ. काढलास? एकच?

एकच. बरं.

आता दोघी गप्प बसा. मी दोरा ओवतेय.