रफिकच्या गाडीखालचं तेल

अरे, त्या रफिकच्या गाडीचं सांगितलं का तुमाला? माझा शेजारी रं. जुनी, पण लई पळणारी फॉरेनची गाडी घेतली त्यानं, अन् रोज मला म्हनायचा, "चचा, बसा, दहा मिन्टात वेरूळ!" म्हनलं, थांब बेट्या. तीन दिवस रोज सकाळी माझ्या फटफटीचं काळं तेल चमचाभर त्याच्या गाडीखाली सांडलं.

चवथ्या दिवशी ते डाग बघून त्यानं गाडी ग्यारेजात नेली, अन् तिथनं त्याचा फोन, गडी रडकुंडीला. "चचा, इंजन खोलना पडेगा बोलते. सव्वा लाख!"

माझं धाबंच दणाणलं. सांगून टाकलं, "अरे बाबा, ते तेल मी सांडलं! काय खोलू नको, गाडी घिऊन घरी ये!"

तर तिकडं मेस्त्रीनंच फोन घेतला, हासतोय नुसता. "काका, खाली गळायला आत तेल हाय कुठं? इंजनानंच सगळं पिऊन टाकलं. अजून दोन दिस चालवली असती, तर नवंच इंजन घ्यावं लागलं असतं. सहा लाख!"

संध्याकाळी रफिक डबाभर नान-खलिया घिऊन माझ्या दारात. म्हनला, "सव्वा लाखातच सुटलो, चचा! पुढल्या महिन्यात ब्रेकचीबी अशीच मस्करी करा."